मंडळीचा सात-बारा

(प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहावा, यावर विवेचन)



आपल्या मराठवाड्यास पाण्याची तहान ठाऊक आहे, आणि पाण्याचा कोपही ठाऊक आहे. छत्रपती संभाजीनगर शहराच्या पूर्वेस, जालना रस्त्यालगत व चिकलठाण्याच्या कारखान्यांच्या शेजारी, मुकुंदवाडी नावाची कष्टकऱ्यांची वस्ती आहे. २०१९ सालच्या अवर्षणात येथील लहान मुले रिकामी भांडी घेऊन मुकुंदवाडीच्या स्थानकावर आगगाडीत बसत, आणि मोठ्या स्थानकावरील नळाचे पाणी भरून परत येत. पुढे सहा वर्षांनी, २०२५ सालच्या सप्टेंबरात, ह्याच जिल्ह्यात पैठण येथे जायकवाडीच्या धरणातून सेकंदास सुमारे तीन लाख घनफूट पाणी गोदावरीत सोडावे लागले. पैठणच्या सखल भागांतील व नदीकाठच्या गावांतील हजारो माणसांस रातोरात घरे सोडून शाळांतून व उंचवट्यावरील इमारतींतून आश्रय घ्यावा लागला. तिकडे धाराशिव जिल्ह्यातील भूम व परांडा, बीड जिल्ह्यातील गेवराई, आणि जालना, परभणी, लातूर, नांदेड ह्या जिल्ह्यांतही शिवारेच्या शिवारे पाण्याखाली गेली. परांड्याच्या वेढलेल्या गावांतून माणसे काढण्यास सैन्याची हेलिकॉप्टरे आणावी लागली.

ह्या संकटात सरकारने हात आखडता घेतला, असे म्हणणे सत्यास सोडून होईल. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. पिके गेलेल्या जिराईत शेतकऱ्यास हेक्टरी १८,५०० रुपये, हंगामी बागायतीस २७,००० व बागायतीस ३२,५०० रुपये, तेही तीन हेक्टरांच्या मर्यादेपर्यंत. ज्याची माती खरडून गेली त्यास हेक्टरी ४७,००० रुपये रोख व शिवाय रोजगार हमी योजनेतून जमीन सुधारण्याची कामे. दुभते जनावर दगावले असेल तर ३७,५०० रुपये. गाळाने भरलेल्या विहिरीस ३०,००० रुपये. पडलेल्या घरांस, झोपड्यांस व गोठ्यांस निरनिराळे दर. हे आकडे आम्ही येथे मुद्दाम लिहिले आहेत, कारण ज्यास आपले देणे किती हे ठाऊक नाही, त्याच्या हाती कमी ठेवणे कोणासही सोपे जाते.

पुष्कळ सालस माणसांस अशी मदत घेण्याची लाज वाटते. "आम्ही भीक कधी मागितली नाही," असे म्हणून ती कचेरीची पायरी चढत नाहीत. त्यांस आम्ही योसेफाची आठवण देतो. मिसर देशात दुष्काळ पडला तेव्हा फारोची कोठारे उघडली गेली. परंतु त्या कोठारांतील धान्य फारोने पिकविले नव्हते. सुकाळाच्या सात वर्षांत शेतकऱ्यांच्याच पिकाचा पाचवा हिस्सा योसेफाने साठवून ठेविला होता. आजच्या सरकारी खजिन्याची गोष्ट ह्याहून वेगळी नाही. शेतमजुराची बायको साबणाची वडी किंवा आगपेटी विकत घेते, तेव्हा तीही त्या खजिन्यात आपली मूठ टाकीत असते. ह्याखेरीज २००५ सालच्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानेच निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, औषधोपचार व स्वच्छता ह्यांची किमान व्यवस्था ठरविणे हे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. तेव्हा जे आपल्या हक्काचे व खरे नुकसान झालेल्याचे आहे, ते ताठ मानेने घ्यावे. त्यात दैन्य नाही.

त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. विधवा व अनाथ ह्यांकरिता विशेष तरतूद असावी, असे त्यात निराळे सांगितले आहे. कायदा करणाऱ्यांनी ह्या दोघांचीच नावे का घेतली असतील? कारण कोणतीही यादी झाली की तीतून जी नावे पहिल्याने गळतात, ती हीच असतात. आणि येथेच आपण आजच्या शास्त्रपाठाकडे येतो.

यरुशलेमेतील मंडळी नवी होती, प्रीतीने भरलेली होती. लोक आपली शेते विकून पैसा आणीत होते, आणि दररोज गरजूंस अन्न वाटले जात होते. तरी त्या वाटपात एक उणीव राहिली. हेल्लेणी भाषा बोलणाऱ्या विधवांस वाटा मिळेना. कोणी दुष्टपणाने त्यांस वगळले, असे शास्त्र सांगत नाही. बहुधा असे झाले असेल की वाटणारे इब्री बोलणारे होते, त्यांस आपली माणसे ओळखीची होती. परक्या बोलीच्या म्हाताऱ्या बाया रांगेच्या शेवटी उभ्या राहत, आणि त्यांची पाळी येईपर्यंत टोपली रिकामी होई. अन्न होते, वाटणारे होते, भावही चांगला होता. उणीव एवढीच की कोणाची उपासमार होत आहे हे पाहणारा कोणी नव्हता.

मग बारा प्रेषितांनी काय केले? त्यांनी कुरकुर करणाऱ्यांस धमकाविले नाही. "तुमचा विश्वास कमी आहे," असे म्हटले नाही. "देवावर भार टाका व स्वस्थ बसा," असाही उपदेश केला नाही. त्यांनी तक्रार खरी मानली, सगळ्या मंडळीस एकत्र बोलाविले, आणि लोकांत नावाजलेली अशी सात माणसे ह्याच कामासाठी नेमली. त्या सातांची नावे वाचून पाहा. स्तेफन, फिलिप्प आणि इतर सगळीच नावे हेल्लेणी आहेत. ज्यांची माणसे उपाशी राहिली, त्यांच्याच बोलीच्या माणसांच्या हाती वाटप देण्यात आले.

बंधूंनो, बारा प्रेषित आणि सात सेवक: हाच मंडळीचा सात-बारा होय. सरकारी सात-बारा आपण सर्व जाणतो. त्यातील सात नंबरचा नमुना जमिनीवर अधिकार कोणाचा हे सांगतो, आणि बारा नंबरचा नमुना तीत पीक कोणते होते हे सांगतो. पिकाच्या नुकसानीची मदत बहुतांशी ह्याच कागदाला धरून चालते. ज्याचे नाव त्या उताऱ्यावर आहे, त्याच्या बँकेच्या खात्यात रक्कम जमा होते. परंतु ज्याचे नाव त्यावर नाही, त्याचे काय? ते नाव शोधणे हे मंडळीच्या सात-बाराचे काम आहे.

असे लोक कोण, ते आपण एकेक करून पाहू.

पहिली ती विधवा, जिचा नवरा वारला परंतु उताऱ्यावर अजून त्याचेच नाव आहे. वारसाची नोंद झाली नाही, म्हणून मृत माणसाच्या नावे मदत मंजूर होते आणि जिवंत बाईच्या हाती पैसा पडत नाही. दुसरा तो बटाईने शेत करणारा गडी. बी त्याचे, घाम त्याचा, उसनवारीचे खत त्याचे. परंतु कागद मालकाचा. तिसरा शेतमजूर. त्याचे पीक बुडाले नाही, कारण त्यास शेतच नाही. परंतु सोयाबीनची काढणी व कापसाची वेचणी बुडाली, म्हणजे त्याची वर्षाची मजुरीच वाहून गेली. आणि चौथे ते कुटुंब, जे घरात पाणी शिरताच मुलेबाळे घेऊन निघाले आणि मुकुंदवाडीसारख्या वस्तीत एखाद्या नातलगाच्या एका खोलीत येऊन राहिले. तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक पंचनाम्यास गावात आले, तेव्हा ह्यांच्या दारास कुलूप, किंवा दारच नाही. "घरी कोणी आढळले नाही," एवढ्या एका ओळीने त्या घराचा हिशेब मिटण्याचे भय असते.

ह्या चौघांविषयी मंडळीने काय करावे, हे आम्ही स्पष्ट लिहितो; कारण ज्या उपदेशात काम सांगितलेले नाही, तो ऐकून माणूस जसा आला तसाच घरी जातो.

प्रत्येक गावच्या मंडळीने दोन-तीन तरी विश्वासू माणसे नेमावीत, आणि त्यांत एक बाई अवश्य असावी. पूर ओसरताच त्यांनी घरोघर जावे. केवळ आपल्या मंडळीच्या घरी नव्हे, तर गावकुसाच्या शेवटच्या झोपडीपर्यंत. कोणाचे काय गेले, हे वहीत लिहावे व पडलेल्या भिंतीचे आणि मेलेल्या जनावराचे चित्र मोबाईलवर घेऊन ठेवावे. जे कुटुंब शहरात गेले असेल, त्यास त्याच दिवशी निरोप द्यावा की पंचनामा अमुक दिवशी आहे, एक माणूस तरी परत या. आणि ज्यांच्या घरी असे पाहुणे उतरले आहेत, त्या मुकुंदवाडीतील बंधूंनी त्यांस एका दिवसाचे गाडीभाडे द्यावे. चार दिवसांच्या जेवणाइतकेच ते भाडेही त्या कुटुंबाच्या उपयोगी पडेल.

पंचनाम्याच्या वेळी त्या माणसांनी शेजारी उभे राहावे. मदतीची यादी ग्रामपंचायतीत लागली की ती वाचता न येणाऱ्यांस मोठ्याने वाचून दाखवावी. नाव नसेल तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि उत्तर न आल्यास जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत जावे. विधवेच्या वारसनोंदीचा अर्ज पूर येण्याची वाट न पाहता आजच करावा. पैसा आता थेट बँकेत येतो. म्हणून आधार क्रमांक खात्याशी जोडला आहे की नाही, ई-केवायसी झाली आहे की नाही, हे पाहण्यास म्हाताऱ्या माणसाबरोबर कोणी तरुणाने जावे. आणि ह्या सेवेबद्दल एक पैसाही घेऊ नये. "तुमचे काम करून दिले, आमचे काही पाहा," हे शब्द मंडळीच्या सेवकाच्या तोंडी येतील, तर त्याने ती वही खाली ठेवावी हेच बरे.

आता दुसऱ्या बाजूचे पाप सांगणे आम्हांस प्राप्त आहे. पंचनामा म्हणजे पंचांची साक्ष. ज्याचे शेत उंचवट्यावर राहून वाचले, त्याने "सर्व गेले" असे लिहून घेतले, तर ती खोटी साक्ष होते. आणि ती शेजाऱ्याविरुद्धच होते, कारण लबाडीचे अर्ज वाढले की खऱ्या अर्जांकडेही संशयाने पाहिले जाते. एका गावात कोरड्या शेताचे पैसे उचलले गेले, म्हणजे पुढच्या गावात भिजलेल्या घरास दहा पुरावे मागितले जातात.

आणि ज्यांच्या नावे जमीन आहे, अशा बंधूंसही आम्हांस विचारावयाचे आहे. शेत तुमचे, परंतु ते बटाईदाराने पेरले होते. मदत तुमच्या खात्यात आली. कायद्याने ती तुमची असेल; तथापि जखयाने आपल्या पैशाचा हिशेब केला तेव्हा त्याने कायद्याचे पुस्तक उघडले नव्हते, त्याने आपल्यामुळे कोण नाडला गेला तो माणूस डोळ्यांपुढे आणला. पीक आले असते तर त्याचा हिस्सा तुम्ही दिलाच असता. मग पिकाच्या मोबदल्याचा हिस्सा का देऊ नये?

कोणी म्हणेल, सरकारच्या कामात मंडळीने कशास पडावे? आम्ही पंडिता रमाबाईंचे उदाहरण देतो. त्यांनी ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर दुष्काळातच आईबाप गमाविले होते. पुढे १८९७ च्या सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा तेथे सरकारी मदतीची कामे व गरीबगृहे चालू होती. रमाबाई स्वतः तेथे गेल्या आणि त्यांनी एक गोष्ट पाहिली: अशा ठिकाणी तरुण, निराधार मुली सुरक्षित नाहीत. मदत आहे, म्हणून त्या स्वस्थ घरी परतल्या नाहीत. त्या शेकडो मुलींस घेऊन आल्या, आणि केडगावचे मुक्तिसदन त्यांचे घर झाले. सरकारचा हात लांब असतो, परंतु त्यास डोळे थोडे असतात. ते डोळे होण्याचे काम शेजाऱ्याने करावयाचे आहे.

शेवटी एक गोष्ट. ज्याच्या शेताची माती खरडून गेली व खाली मुरूम उघडा पडला, त्यास हेक्टरी ४७,००० रुपयांनी माती विकत मिळत नाही. ती माती शेकडो पावसाळ्यांनी केली होती. अशा माणसास पैसा देऊन मोकळे होता येत नाही. त्याच्या शेतात तलावाचा गाळ टाकण्यास बैल, ट्रॅक्टर व हात लागतील, आणि दोन-तीन वर्षे धीर लागेल. धीर हा कोणत्याही यादीत लिहिलेला नसतो. तो मंडळीनेच पुरवावयाचा आहे.

तेव्हा येत्या रविवारी भजन संपल्यावर प्रत्येक उपदेशकाने एवढेच करावे: कोरी वही घ्यावी आणि मंडळीस विचारावे, "आपल्या गावात असे कोण आहे, ज्याचे नाव कोणत्याच यादीत नाही?" उत्तर येईपर्यंत बसून राहावे. यरुशलेमेतील त्या म्हाताऱ्या बायांची नावे शास्त्रात आलेली नाहीत, परंतु त्यांच्या उपाशी पोटाची हाक प्रेषितांपर्यंत पोचली, कारण ती कोणी तरी पोचविली. आपल्या गावातील हाक पोचविणारे आपण व्हावे, असे सामर्थ्य दयाळू देवबापाने आपणां सर्वांस द्यावे. आमेन.