भरवशाचं होणं

हे मनन बसून करा किंवा चालता चालता करा, फक्त घाईत नको. एक परिच्छेद संपला की थोडं रेंगाळा. प्रश्न आला तर लगेच उत्तराच्या मागे लागू नका, तो मनात राहू द्या. आज आपण लांबच्या एका वर्गात जाणार आहोत. तिथं नेतृत्व, मैत्री आणि निरोगी जगणं हे तीन विषय एकाच तासाला शिकवले जातात, आणि शिकवणारी मुलं स्वतः अजून शाळेतच आहेत.

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांताचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. खाली, दक्षिणेला, विनिपेग शहर. तिथून ईशान्येला शेकडो किलोमीटर जंगल, दलदल आणि तळी. त्यांतल्या आयलंड लेक नावाच्या मोठ्या तळ्याकाठी गार्डन हिल ही तिथल्या मूळ रहिवाशांची, म्हणजे फर्स्ट नेशनची, वस्ती आहे. तिथं ओजी-क्री बोलली जाते. गावाला बारमाही रस्ता नाही. विमान उतरतं तेही तळ्यातल्या एका बेटावर. तिथून गावात यायला उन्हाळ्यात होडी आणि हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरून गाडी. बर्फ धरत असतो किंवा फुटत असतो तेव्हा दोन्ही बंद, मग हेलिकॉप्टर. ऐन थंडीत काही आठवडे तळ्यांवरून बर्फाचा रस्ता खुला होतो. वर्षभराचं इंधन, बांधकामाचं सामान आणि इतर जड माल तेवढ्या मुदतीत ट्रकनं आणून ठेवायचा असतो.

आता या गावातल्या दुकानासमोर मनानं उभे राहा. दूध, फळं, पालेभाजी विमानानं येते आणि तिच्या किमतीत विमानाचं भाडं असतं. उशीर झाला तर ती वाटेतच सुकते. चिप्स आणि गोड शीतपेयं मात्र महिनोन्महिने टिकतात. जे टिकतं ते फळीवर राहतं, आणि जे फळीवर राहतं ते मुलांच्या हाती लागतं. मुलांना तेच आवडतं असं आपण नंतर म्हणतो. आपल्या घरातल्या मुलांच्या आवडीनिवडी कुठून आल्या? कोणती आवड त्यांची, आणि कोणती कोपऱ्यावरच्या दुकानाची?

थोडं थांबा.

टाइप 2 मधुमेह हा मोठ्या वयाचा आजार, अशी डॉक्टरांचीही समजूत होती. 1992 मध्ये मॅनिटोबातल्या डॉक्टरांनी तो तिथल्या फर्स्ट नेशन मुलांमध्ये आढळत असल्याचं वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं. पुढं 1999 मध्ये ओजी-क्री लोकांतला एक जनुकीय बदल सापडला, ज्यामुळे हा आजार लहान वयातच गाठू शकतो. पण जनुक काही काल आलेलं नाही. ही माणसं मासे धरत होती, मूस या मोठ्या हरणाची शिकार करत होती, लाकूड तोडत होती, मैलोन्मैल चालत होती, तेव्हाही ते रक्तात असणारच. आजार मात्र तेव्हा फारसा दिसत नव्हता. शरीर तेच राहिलं आणि भोवतालचं जगणं बदललं. म्हणून मुलाकडे बोट दाखवून तू नीट खात नाहीस असं म्हणण्याआधी त्याच्या भोवती काय काय बदललं ते पाहावं लागतं.

बदललेल्या गोष्टींत एक गोष्ट अशी आहे की ती ताटात दिसत नाही. कॅनडाच्या सरकारनं आणि चर्चनं मिळून चालवलेल्या निवासी शाळांत मूळ रहिवाशांची मुलं शतकाहून अधिक काळ नेली गेली. तिथं त्यांची भाषा बोलायला बंदी असे. भावंडं एकाच शाळेत असली तरी मुलगे आणि मुली, थोरले आणि धाकटे यांना अनेकदा वेगळं ठेवत. थोरल्या बहिणीनं धाकट्याची वेणीफणी करावी, थोरल्या भावानं त्याला जाळं टाकायला शिकवावं, हा घरातला सगळ्यांत जुना वर्ग तिथं मोडला. 2008 च्या 11 जूनला पंतप्रधानांनी संसदेत उभं राहून या शाळांबद्दल माफी मागितली. पण मोडलेला तो वर्ग माफीनं पुन्हा भरत नाही.

आरोग्याच्या नावानंही तिथं जखमा झाल्या आहेत. 1940 च्या दशकात उत्तर मॅनिटोबातल्या उपाशी वस्त्यांत आणि पुढं काही निवासी शाळांत सरकारी तज्ज्ञांनी पोषणाचे प्रयोग केले. मुलांची भूक त्यांना दिसत होती, पण ती भागवण्याऐवजी त्यांनी तिच्यावर अभ्यास केला. इतिहासकार इयान मॉस्बी यांनी 2013 मध्ये ही कागदपत्रं लोकांसमोर मांडली. हे माहीत असलेल्या गावात बाहेरून कुणी पांढरा कोट घालून आलं आणि भाज्या खा म्हणालं, तर ते कसं ऐकू येईल? चांगला सल्ला कोणाच्या तोंडून येतो याला किती वजन असतं, याचा विचार करत राहा.

आता वर्गात जाऊ. शाळा सुटली आहे. खिडकीबाहेर दिवस लवकर मावळतो आहे. चौथीची मुलं कोट-बूट काढून आत येतात. समोर उभी आहेत ती हायस्कूलची मुलंमुली, आपल्याकडे ज्यांना ताई-दादा म्हटलं असतं त्या वयाची. मॅनिटोबा विद्यापीठातले संशोधक आणि गावातले शिक्षक यांनी मिळून हा उपक्रम इथं उभा केला. आठवड्यातून एकदा, साधारण दीड तास. आधी सगळ्यांनी मिळून काहीतरी चांगलं खायचं, मग भरपूर खेळायचं, मग एकमेकांची ओळख वाढेल असं काहीतरी करायचं. काय खायचं, कोणता खेळ घ्यायचा, हे हायस्कूलची मुलं ठरवतात. मोठी माणसं पाठीशी असतात, पुढं नसतात.

या उपक्रमामागचा विचार एका वर्तुळाचा आहे. लकोटा या मूळ रहिवाशांच्या जमातीतले मानसशास्त्रज्ञ मार्टिन ब्रोकनलेग यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर 1990 मध्ये तो पुस्तकात मांडला. मूल नीट वाढायचं तर त्याला चार गोष्टी लागतात: आपण कुणाचे तरी आहोत ही खात्री, काहीतरी येणं, स्वतः ठरवता येणं, आणि दुसऱ्याला देता येणं. चारही गोष्टी त्या दीड तासात शोधू. एकेकीपाशी सावकाश थांबू.

पहिली, आपलेपणा. चौथीतला एक मुलगा दारात उभा आहे. आत जावं की नाही, हे त्याचं ठरत नाहीये. सोळा वर्षांची मुलगी त्याला नावानं हाक मारते, आणि शेजारची जागा दाखवते. एवढंच घडतं. मागच्या आठवड्यात हिनं माझं नाव विचारलं होतं, ते तिच्या लक्षात राहिलं, हे त्या मुलाला कळतं. मैत्रीचा धडा इथं फळ्यावर लिहिला जात नाही. तुम्हाला लहानपणी नावानं हाक मारणारं, घरातलं नसलेलं, तुमच्याहून थोडं मोठं असं कोण होतं? तो चेहरा आठवला तर त्याच्याबरोबर राहा. आठवला नाही, तर ती उणीव कशी वाटली तेही पाहा.

दुसरी, हातोटी. एका मुलीला चेंडू झेलता येत नाही. सुटला की ती हसून दुसरीकडे बघते, जणू तिला झेलायचाच नव्हता. शिकवणारा मुलगा तिला सूचना देत बसत नाही. तो जवळून, हळू, पुन्हा पुन्हा टाकतो. कधीतरी चेंडू हातात बसतो. शरीराला आलेली गोष्ट सहसा विसरली जात नाही. आणि ज्याला आपलं शरीर काही करू शकतं हे कळलं, त्याला त्या शरीराची काळजी घ्यावीशी वाटते. आपण मुलांना हे नेहमी उलट्या बाजूनं सांगतो, आधी काळजी घे, मग बघू. तुमच्या शरीरानं शेवटचं नवीन काय शिकलं?

तिसरी, स्वतः ठरवणं. हायस्कूलच्या मुलांनी आज संत्री, गाजरं आणि चीज ठरवलं होतं, पण वाऱ्यामुळे विमान आलं नाही. दुकानात संत्री नाहीत. आता काय? शिक्षक उत्तर देऊ शकतात, पण देत नाहीत. मुलं बोलतात, वाद घालतात, कुणाच्या तरी घरी मासे आहेत म्हणतात. नेतृत्व शिकवायचं तर मुलाच्या हातात खरा निर्णय द्यावा लागतो, चुकला तर कुणाचं तरी अडेल असा. आपण मुलांना स्पर्धेत भाषण करायला शिकवतो आणि त्यालाच नेतृत्व म्हणतो, पण संध्याकाळी घरी काय शिजणार हे त्यांना विचारत नाही. मागच्या महिन्यात तुमच्या घरातल्या मुलानं सगळ्यांसाठी कोणता निर्णय घेतला?

चौथी, देणं. इथं वर्तुळ पुरं होतं. हायस्कूलची ही मुलं काही आदर्श नाहीत. त्यांतला कुणी दुपारी शीतपेय पीत असतो, कुणी सकाळी उशिरा उठतो, कुणाचं घरी बिनसलेलं असतं. पण चौथीची मुलं आपली वाट बघतात हे त्यांना माहीत आहे. ज्याची कुणी वाट बघतं, तो येतो. आणि धाकटं पोर आपल्या हाताकडे बघतंय म्हटल्यावर त्या हातातली बाटली जरा अवघडते. कुणी बोललं नाही, कुणी गुण कापले नाहीत, तरी फरक पडायला लागतो. आपण निरोगी व्हावं म्हणून ही मुलं इथं आली नव्हती. दुसऱ्याच्या भरवशाची होता होता त्यांची स्वतःकडे बघण्याची रीत बदलली.

इथं बराच वेळ थांबा. चांगलं वागायचं ठरवून आपण किती वेळा वागलो, आणि कुणीतरी आपल्यावर विसंबून आहे म्हणून किती वेळा वागलो?

या कामाची मोजणीही झाली. 2014 मध्ये अमेरिकेतल्या ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. शाळेच्या वर्षातल्या साधारण पाच महिन्यांत, उपक्रमात नसलेल्या मुलांशी ताडून पाहता, उपक्रमातल्या मुलांच्या कंबरेचा घेर कमी वाढला आणि चांगल्या आहाराची जाणही सुधारली. अभ्यास लहान होता, फरकही थोडा. पण तो औषधानं झाला नव्हता आणि बाहेरच्या तज्ज्ञाच्या भाषणानंही नाही. पुढं हा उपक्रम कॅनडातल्या इतर मूळ रहिवाशांच्या वस्त्यांत गेला, आणि प्रत्येक वस्तीनं त्यात आपली भाषा, आपले खेळ, आपलं अन्न घातलं.

मनाला बरं वाटायला लागलं असेल, तर आता एक अवघड गोष्ट समोर घ्या. 2010 च्या सुमारास आयलंड लेकच्या वस्त्यांत पुष्कळ घरांत नळ नव्हता. बादल्यांनी पाणी आणायचं, जपून वापरायचं. अशा घरातल्या मुलाला ‘गोड पेयाऐवजी पाणी पी’ म्हणणं सोपं आहे. पण पाइप टाकण्याचं काम सोळा वर्षांच्या मुलीचं नाही, ते सरकारचं आहे. भाजीचं भाडं कमी करणंही तिचं काम नाही. मुलांचं नेतृत्व मोठ्यांना त्यांच्या कामातून सुटका देत नाही. गार्डन हिलमध्ये गावाची स्वतःची शेती सुरू झाली, भाजी आणि कोंबड्या गावातच मिळाव्यात म्हणून. वर्गात जे शिकवलं जातं ते दुकानातही मिळावं, एवढी सोय मोठ्यांनी करायची असते. दोन्ही सत्यं एकत्र धरून ठेवा. मुलाकडून अपेक्षा ठेवायची, आणि त्याच वेळी त्याच्या पायाखालची जमीन नीट करायची. एकीच्या बदल्यात दुसरी सोडायची नाही.

हे सगळं फार उत्तरेकडचं वाटत असेल तर मुंबईकडे या. मालाडच्या मालवणी वस्तीत केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी 1980 च्या आसपास शाळकरी मुलांनाच घरातल्या आरोग्याचे पुढारी केलं होतं. 1978 मध्ये लंडनहून सुरू झालेल्या ‘चाइल्ड टू चाइल्ड’ चळवळीचा विचारही हाच होता: जगातली असंख्य धाकटी भावंडं थोरली भावंडंच सांभाळतात, तेव्हा त्या थोरल्यांना नीट शिकवा. आपल्याकडे हे सांगायलाही नको. काखेत भाऊ घेऊन अंगणवाडीत येणारी सहा-सात वर्षांची मुलगी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्या वाट्याला ओझं आलं आहे, आणि ओझं म्हणजे जबाबदारी नव्हे. जबाबदारीबरोबर शिकवण मिळते, मोठ्यांची साथ मिळते, आणि दीड तासानंतर सुट्टीही मिळते. त्या मुलीला यातलं काय मिळतं?

आता शेवटचा टप्पा. तुमच्या ओळखीतला एक किशोरवयीन मुलगा किंवा मुलगी मनात आणा. शक्यतो हुशार, पहिलं येणारं नको. मागच्या बाकावरचं, ज्याला सारखं काहीतरी सांगितलं जातं आणि काहीच सोपवलं जात नाही, असं आणा. त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असं एक मूलही आणा. मोठ्याला धाकट्यासाठी काय करता येईल? सायकल शिकवणं, पोहायला नेणं, रविवारी मिळून उसळ करणं, पाढे घेणं. खरं, छोटं आणि दर आठवड्याला जमेल असं काहीतरी.

मग स्वतःला विचारा: मी हे त्याच्यावर सोपवीन का? तो एखाद्या आठवड्यात विसरेल, धाकटं वाट बघत बसेल, तेव्हा मी काम काढून घेईन, की धाकटं वाट बघत होतं एवढंच सांगून पुढच्या आठवड्याला पुन्हा त्याच्यावरच सोपवीन? विश्वास टाकणाऱ्यालाही हातोटी लागते, आणि तीही पुन्हा पुन्हा करूनच येते.

दोन नावं आणि एक वार ठरवा. मग त्या मोठ्या मुलाकडे जा आणि त्याच्या मदतीची गरज आहे असं त्याला सांगा. खरंच गरज असल्यासारखं सांगा, कारण ती आहे.