शेजारच्या ताईची वही

पुसदच्या तहसील कचेरीच्या आसपास दाखले, सात-बारा, प्रतिज्ञापत्रं काढून देणारी बरीच दुकानं आहेत. त्यातल्याच एकाची ही गोष्ट. मालकाला सगळे भाऊ म्हणत. त्यांच्याकडे एचपी लेसरजेट १०२० होता, २००५ साली बाजारात आलेल्या जातीचा. त्याचं १२ए काट्रिज किती वेळा भरून झालं याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता. कागद ओढेनासा झाला की भाऊ ओल्या फडक्याने रबरी रोलर पुसत आणि तो पुन्हा कामाला लागे. लेसर प्रिंटरमध्ये टोनरची पूड कागदावर तापवून वितळवतात. त्यामुळे पावसात खिशात भिजलेल्या दाखल्यावरचंही अक्षर फुटत नाही. खेड्यावरून दुचाकीने येणाऱ्या माणसाला याचं मोल कळतं, आणि भाऊंना त्या माणसाचं.

२०२३ च्या सुरुवातीला क्रोमने विंडोज ७ चा हात सोडला. हळूहळू भाऊंच्या जुन्या संगणकावर सरकारी पोर्टल नीट उघडेनात. त्यांनी विंडोज ११ चा नवा संगणक घेतला. पोर्टल धावू लागले, प्रिंटर मात्र मुका झाला. यादीत नाव दिसायचं, पान निघायचं नाही.

“भाऊ, याचं काई नाही आता,” विक्रेता म्हणाला. “भंगारात टाका, नवीन घ्या.”

भाऊंची भाची इथल्याच बाबासाहेब नाईक इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होती. तिने प्रिंटर उघडलासुद्धा नाही. एवढंच विचारलं, “मामा, बटण दाबल्यावर हा घुर्र करते का?”

“आधी करे. आता चूप बसते.”

तिथेच तिला दुखणं सापडलं. या प्रिंटरच्या पोटात चालण्यासाठी लागणारं फर्मवेअर कायमचं ठेवलेलं नसतं. दर वेळी बटण दाबलं की संगणकाने ते वायरीतून पाठवायचं. ते पोचलं की रोलर घुर्र करून फिरतात आणि यंत्र तयार होतं. नवा संगणक ते पाठवतच नव्हता. म्हणजे प्रिंटर धडधाकट होता, सकाळी त्याला उठवणारंच कोणी उरलं नव्हतं. किती चांगली यंत्रं अशी भंगारात जात असतील, याचा विचार केला की जीव हळहळतो.

टेबलाखाली धूळ खात पडलेला जुना संगणक भाचीने बाहेर काढला. त्यावर डेबियन लिनक्स टाकलं, छपाईसाठी कप्स लावलं आणि फू-टू-झेडजेएस नावाचा ड्रायव्हर बसवला. प्रिंटरची वायर जुन्या संगणकाला, आणि जुना संगणक राऊटरवरून नव्याला जोडला. नव्याने कागद जुन्याकडे धाडायचा, जुन्याने तो प्रिंटरला समजेल असा करून पुढे द्यायचा. बटण दाबलं, घुर्र झालं, पान आलं.

हा ड्रायव्हर रिक रिचर्डसन नावाच्या माणसाने लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. पुढे त्याचं मूळ संकेतस्थळ बंद पडलं, पण लोकांनी प्रती जपल्या होत्या. म्हणून तर तो पुसदपर्यंत पोचला.

दोन दिवसांनी शेजारच्या दुकानातली ताई आली. तिचा प्रिंटर याच घराण्यातला आणि असाच अडलेला. “भाऊ, तुमचा कसा चालू झाला? मलेबी सांगा ना.”

“नशिबानं झाला, बाई,” भाऊ म्हणाले आणि मान खाली घालून अर्ज भरू लागले.

भाचीला ते लागलं. ताई गेल्यावर तिने मामाला रिचर्ड स्टॉलमनची हकिकत सांगितली. १९८० च्या सुमारास एमआयटीत प्रिंटरमध्ये कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना संगणकावर कळावं, अशी सोय त्याने जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये केली होती. मग झेरॉक्सचा नवा लेसर प्रिंटर आला, तो बंदिस्त प्रोग्राम घेऊन. ज्याच्याकडे तो प्रोग्राम होता त्याच्याकडे स्टॉलमन मागायला गेला. त्या माणसाने तो कोणालाही न देण्याचा करार केला होता, तो नाही म्हणाला. ते नाही स्टॉलमनच्या मनात घर करून राहिलं. १९८३ साली त्याने ग्नू प्रकल्प जाहीर केला. डेबियनमध्ये त्याच प्रकल्पाची साधनं आहेत.

“आपल्याले फुकट मिळालं, मामा. ते आपल्या दारात अडवायचं?”

“तिचं गिऱ्हाईक इकडं येते, ते तुले दिसत नाही.”

भाची वाद घालत बसली नाही. संध्याकाळी सरळ शेजारच्या दुकानात गेली. ताईने शंभर पानी वही काढली आणि एकेक गोष्ट थांबवून थांबवून लिहून घेतली. आज्ञा जशीच्या तशी, दोन शब्दांत मोकळी जागा असेल तिथे लहानसा चौकोन, एंटर दाबायचं तिथे बाण. एका ओळीखाली तिने दोनदा रेघ ओढली: आधी प्रिंटर बंद, मग वायर, मग चालू.

जूनमध्ये दाखल्यांची झुंबड उडाली. मृगाच्या पहिल्याच पावसात वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि भाऊंच्या जुन्या संगणकाची हार्ड डिस्क बसली. भाची इंटर्नशिपसाठी पुण्याला होती. फोनवर म्हणाली, “मामा, मला पायऱ्या धड आठवत नाहीत. मी लिहूनच ठेवलं नव्हतं. ताईकडे आहे सगळं.”

दुकानात एका तांड्यावरचा बाप लेकीला घेऊन उभा होता. मुलीच्या प्रवेशासाठी कागद त्याच दिवशी लागत होते. भाऊ थोडा वेळ खुर्चीतच बसून राहिले. मग उठले आणि पेन ड्राइव्ह घेऊन शेजारी गेले.

“ताई, ते तुमची वही…”

ताईने मागचं काहीच काढलं नाही. पेन ड्राइव्ह हातातून घेतला. “आधी त्या पोरीचे कागद काढू. वही संध्याकाळी घेऊन जा, मी बी येतो.”

त्या रात्री दुसऱ्या एका जुन्या डिस्कवर भाऊंनी ओळीवर बोट ठेवून सगळं पहिल्यापासून केलं. वायर आधीच जोडून बसले होते. ताईने रेघा ओढलेली ओळ दाखवली, तेव्हा काढली. नऊच्या सुमाराला प्रिंटर घुर्र झाला. भाऊंनी सगळ्यात आधी वहीची पानं टाईप केली आणि त्याच प्रिंटरवर छापून एक प्रत भिंतीवर चिकटवली, गिऱ्हाइकांना दिसेल अशी.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला, तशी आणखी दुकानदारांची विचारपूस सुरू झाली. एक जण दिग्रसहून आला. “भाऊ, तुमचा एवढा जुना प्रिंटर चालते कसा?”

भाऊंनी त्याला स्टूल दिलं. “बसा. वही आणली का? नाही? मग समोरून एक घेऊन या. तोंडी सांगितलेलं ध्यानात राहत नाही.”