आहार, उपवास आणि रक्तदाब

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात श्रद्धेबरोबर आहाराचाही विचार आला आहे. अति आंबट, अति खारट, अति तिखट अन्न राजस असून ते दुःख, शोक व रोग देणारे आहे, असे भगवंत सांगतात. ‘अति’ हे पद यांतील प्रत्येक रसाशी जोडावे, असे श्रीमत् शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात मुद्दाम म्हटले आहे. निषेध मिठाचा नाही, अतिरेकाचा आहे.

आजचे वैद्यकशास्त्रही हेच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ मनुष्याने दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे. आपल्या सुलतान बाजारातील मराठी घरांत मात्र देशावरचे पापड आणि तेलंगणातील लोणची एकाच ताटात नांदतात! उपवासाचे सैंधव निरुपद्रवी असते, हाही भ्रम होय, तेही मीठच.

वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. म्हणूनच हृदय, मेंदू व मूत्रपिंडे यांस तो वर्षानुवर्षे नकळत अपाय करीत राहतो. उपर्युक्त संघटनेच्या २०२१ सालच्या अंदाजानुसार अशा प्रौढांपैकी ४६ टक्के लोकांस आपल्या विकाराची वार्ताही नसते. “आम्हांस काही होत नाही,” हे आपणां बहुतेकांचे उत्तर असते; पण ते निरोगीपणाचे प्रमाण नव्हे.

तपासणीपूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू वर्ज्य करावी. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे मौन बसावे. निरनिराळ्या दिवशी वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० अथवा त्याहून अधिक भरल्यास डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. नगरातील बस्ती दवाखान्यांत ही तपासणी विनामूल्य होते.

त्याच अध्यायात, शास्त्राने न सांगितलेले घोर तप करून देहास व देहात वसणाऱ्या प्रत्यक्ष भगवंतास जे पीडा देतात, त्यांचा निश्चय आसुरी म्हटला आहे. एकादशीस रक्तदाबाची गोळी चुकविणाऱ्या भाविकांनी या वचनाचे मनन करावे. गोळी घेतल्याने व्रत भंगत नाही. ती आपल्या मनाने सोडल्यास मात्र संकट ओढवू शकते. उपवास झेपेल की नाही, हे आधी डॉक्टरांस विचारावे.

शेवटी एक विनंती. सर्वांस वाढून मागाहून जेवणारी घरची माउली तपासणीच्या वेळीही मागेच राहते. या खेपेस तिला प्रथम बसवू या. गाभाऱ्यातील नंदादीप आपण एक दिवसही तेलावाचून ठेवीत नाही. तीच काळजी या देहमंदिराची घेणे, हीदेखील ईश्वरसेवाच होय.