न फिटणारी उधारी

नैराश्यातून बाहेर आलेल्या पुरुषाने, त्या काळात ज्याने त्याला सांभाळलं त्यालाच टाळलं, तर तो कृतघ्न ठरतो का?

पुरुषांच्या दोस्तीत देणंघेणं चोख असतं. आज पेट्रोल तू टाक, उद्याचा चहा माझ्याकडे. फिटणार हे माहीत असतं, म्हणून घेताना लाज वाटत नाही. आजारात मिळालेला आधार मात्र फेडायचा तर समोरचाही तसाच आजारी पडायला हवा! मला वाटतं, म्हणूनच कित्येक जण तो मागतच नाहीत. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यात दर दहांत सात पुरुष होते. प्रत्येकामागे नैराश्यच होतं असं नाही, पण गप्प राहण्याची सवय बहुधा होती.

गोव्यातल्या 'संगथ' संस्थेच्या कामाकडे मी या नजरेने पाहतो. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी ती १९९६ मध्ये सुरू केली. त्यांचा एक अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या नैराश्याच्या रुग्णांसोबत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक माणसांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. उभारी येण्याची वाट न बघता छोटी छोटी कामं आधी सुरू करायची, हा त्यांचा भर. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा हे लोक जास्त प्रमाणात सावरले. (यातही बायकाच जास्त होत्या. पुरुष तिथपर्यंतही पोचत नाहीत.) बैठका संपल्या की समुपदेशकाचं रुग्णाकडे काही येणं उरत नाही. सरकारच्या टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवरही तेच, पलीकडचा माणूस उद्या आपल्याला जिन्यात भेटणार नसतो.

दिघीत आमच्या फ्लॅटवरचा एकजण चार महिने आजारी होता. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात. ते आठवडे दुसऱ्या एकाने त्याच्यासोबत काढले. सकाळी उठवणं, दाढी करायला लावणं, डबा संपेपर्यंत समोर बसून राहणं, संध्याकाळी दत्तगडावर चालत नेणं. हे काम आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या परक्याला जमणारं नव्हतं. आता तो बरा आहे, चाकणला नोकरी करतो, आणि या मित्राचा फोन उचलत नाही.

मित्र म्हणतो, इतकं कसं विसरतात लोक? माझ्या मते तो काहीच विसरलेला नाही. मित्र दिसला की त्याला पंधरा दिवस अंघोळ न केलेला स्वतः दिसत असणार. त्याच्यापासून लांब राहणं हा बरं होण्याचाच भाग असेल, तर तो हक्क त्याला द्यायला हवा.

मध्यंतरी कळलं, त्याने कंपनीतल्या एका पोराला स्वतः सोबत जाऊन डॉक्टरकडे नेलं. मी मित्राला हे आनंदाने सांगितलं. तो म्हणाला, "मग हे त्याने मला का नाही सांगितलं?"