तक्रारीला पत्ता नसतो

तक्रार करणं माझ्या स्वभावात नाही, असं मी लोकांना सांगतो. 'म्हणजे हिंमत नाही,' असा त्याचा सोपा अर्थ आमच्या घरात लावला जातो. खरी गोष्ट अशी आहे की, गेली बावीस वर्षं मी बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो. तिथे तक्रार करायची नसते, ऐकायची असते. हलवायाला जसा पेढा नकोसा होतो, तसं माझं तक्रारीच्या बाबतीत झालेलं आहे.

पण दिवाळीनंतर माझ्यावरही तक्रार करण्याची पाळी आली.

आम्ही एलएफसीवर बंगळूरला गेलो होतो. एलएफसी म्हणजे जाण्यायेण्याचं भाडं बँक देते. तिथे जाऊन राहायचं कुठे, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा. एरवी आम्ही तो स्टेशनजवळच्या लॉजवर सोडवतो. या खेपेला सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आयुष्यात एकदा तरी बऱ्या ठिकाणी राहू. आणि तिथे स्वयंपाकघरही असतं म्हणे."

त्या ठिकाणाला सर्व्हिस्ड अपार्टमेंट म्हणतात. घरासारखं हॉटेल. दिवसाचा दर 7800 रुपये. दर 7500 च्या वर गेला की जीएसटी 18 टक्के लागतो, हे मला बिल हातात आल्यावर कळलं. म्हणजे तीनशे रुपयांच्या तोऱ्यापायी दिवसाला 1404 रुपये कर! फोटोत मात्र सगळं झकास होतं. पांढराशुभ्र ओटा, त्यावर काचेच्या बरणीत पिवळीधमक लिंबं. हिने ती लिंबं पाहूनच पोहे, रवा आणि चहाचा मसाला बांधून घेतला.

लिंबं फोटोपुरतीच होती. तिघांत चमचे दोन. धुलाईयंत्र होतं, पण त्याला नळी जोडलेली नव्हती. गॅलरीसमोर नवी इमारत उभी राहत होती आणि तिला सकाळी सहापासून आमच्याआधी जाग येत होती. हे सगळं मी गिळलं. पण चहा? शेगडी इंडक्शनची आणि दिलेलं पातेलं ॲल्युमिनियमचं. शेगडी दोनदा टुंईं करायची आणि बंद पडायची. शेवटी आमच्या कन्येने फ्रिजवर चिकटवलेलं लोहचुंबक काढून पातेल्याच्या बुडाला लावलं. ते टपकन खाली पडलं. "बाबा, चुंबक चिकटत नाही ना, मग हे तापणारच नाही," ती म्हणाली. शाळेची फी पहिल्यांदाच वसूल झाली, पण चहा झाला नाही.

खोली आवरायला एक पोरगा येई. ओडिशाकडचा, असेल विशीतला. त्याला पातेलं दाखवलं. "सर, सगळ्या खोल्यांत हेच आहे. वरून आलंय," तो म्हणाला आणि गेला. दहा मिनिटांनी एक जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घेऊन आला. मागाहून कळलं की ते त्याचं स्वतःचं. सहाजण मिळून एका खोलीत राहतात, त्यांच्या भाताचं. चार दिवस आम्ही 7800 रुपयांच्या ओट्यावर त्या पोराच्या पातेल्यात चहा केला.

निघताना त्याने मोबाईल पुढे केला. "सर, पाच तारे द्या. चार दिले तरी आम्हाला विचारतात."

आता आली का पंचाईत! आपल्याला वाटतं, खरं बोलावं की खोटं हा प्रश्न मोठ्या माणसांचा. कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने 1797 साली लिहून ठेवलं की, खुनी माणूस दारात येऊन घरात लपलेल्या मित्राचा पत्ता विचारू लागला, तरीही खोटं बोलू नये. पण कांट जन्मभर आपलं गाव सोडून फारसा कुठे गेला नाही. हॉटेलातून निघताना अभिप्राय देण्याची वेळ त्याच्यावर कितीशी आली असणार? आपला धर्मराज बिचारा सापडला. अश्वत्थाम्याच्या बाबतीत अर्धं वाक्य पुटपुटला आणि जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. मी तर रिक्षाने स्टेशनवर जाणार होतो. मला खाली यायला जागाच नव्हती. मी पाच तारे दिले.

रात्रभर गाडीत मात्र मन खात राहिलं. पुढच्या माणसाचा चहाही अडणार, आणि त्याचं कारण माझे पाच तारे. बी.कॉम. माणसाचा एक शाप असतो. कुठलीही रक्कम नावे टाकताना ती कुणाच्या खात्यात पडते, ते त्याला बघावंच लागतं. चूक खरेदी करणाऱ्याची. पण तक्रार नावे पडणार पोराच्या. बँकेत अशा वेळी सोय असते. योग्य खातं सापडेपर्यंत रक्कम सस्पेन्स खात्यात ठेवायची. तक्रारीसाठी असं खातं कुणीच काढलेलं नाही.

घरी आल्यावर मी मार्ग काढला. व्यवस्थापनाला रीतसर पत्र लिहिलं. मुलाची तोंड भरून स्तुती केली आणि पातेलं, चमचे, नळी यांचा मुद्देसूद उल्लेख केला. सत्यही राखलं, पोरही राखलं, अशा समाधानात मी होतो.

आठवड्याने उत्तर आलं. तसदीबद्दल दिलगिरी होती, पुढच्या खेपेला दहा टक्के सवलत होती, आणि शेवटी एक ओळ होती : संबंधित कर्मचाऱ्याला कडक समज देण्यात आली आहे.

मी ते पत्र दोनदा वाचलं. हिला दाखवलं. ती नुसतं म्हणाली, "आणि पातेलं?" पातेल्याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. मी लगेच दुसरं पत्र धाडलं, त्या मुलाची काहीही चूक नाही म्हणून. त्याला उत्तर आलं नाही.

परवा आमच्या शाखेत पासबुक छापायचं यंत्र तिसऱ्यांदा बंद पडलं. पेन्शनवाले एक आजोबा तीन हेलपाटे घालून तापलेले. माझ्यावर ओरडले, आणि तक्रारवही मागितली. मी दिली. ते लिहू लागले, 'येथील कर्मचारी...'

"आजोबा," मी हळूच म्हटलं, "रागावू नका, पण कर्मचारी नका लिहू. प्रिंटर लिहा."

आजोबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "लिहितो की. पण मला सांगा साहेब, प्रिंटरला समज कोण देणार?"

आणि त्यांनी माझं नाव विचारलं. मी स्पेलिंगसकट सांगितलं.