टोचलेली कोंबडी

गेल्या उन्हाळ्यात छत्रपती संभाजीनगर येथील आमच्या परसात एका कोंबडीच्या पाठीवर जखम झाली. पहिली चोच एकीचीच होती. परंतु रक्ताचा लाल ठिपका दिसताच सर्वच तिजवर तुटून पडल्या. कोंबड्यांमध्ये कोणी कोणास टोचावे याची उतरंड ठरलेली असते, हे नॉर्वेचे श्येल्डेरुप-एबे यांनी १९२२ साली मांडिले.

आम्ही तीस डालग्याखाली निराळे ठेविले, मिठाच्या कोमट पाण्याने जखम धुऊन हळद लाविली. मात्र डालगे इतरांच्या नजरेआड नेले नाही. कारण बहुत दिवस न दिसलेली कोंबडी परतल्यावर परकी ठरते व पुन्हा मार खाते. मग खुराडे पाहिले, तो जागा अपुरी व दाणा निकस. तो दोष आमचाच होता.

वाचकहो, कोंबडीस बोल काय लावावा? तीस विवेक नाही. आपणांस आहे, तरी गावात कोणाचे पाऊल घसरले की आपण त्याच जखमेवर शब्दांची चोच मारितो, आणि पहिली चोच आपली नव्हती म्हणून स्वतःस निर्दोष समजतो. जखमीस आडोसा द्यावा, परंतु दृष्टीआड करू नये, व त्याची जागा राखून ठेवावी. एवढे तरी आपण करितो काय?