निरगुडीचाही सत्कार करा

वसईच्या शाळेत उशिरा आलेल्या मुलीला शिक्षा म्हणून काढायला लावलेल्या शंभर उठाबशांबद्दल आणि त्यानंतरच्या तिच्या मृत्यूबद्दल नव्याने सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. बातमी वाचून ज्यांच्या पोटात कालवलं, त्यांच्यासाठी हा मजकूर नाहीच. तो आहे माजी विद्यार्थी मेळाव्यांतल्या वक्त्यांसाठी. पैठणसारख्या गावांतल्या मंगल कार्यालयांत सध्या त्यांचा हंगाम आहे, आणि अशी बातमी वाचूनही माइक हातात आला की त्यांना एकच आठवण सुचते: सरांनी कसं बडवलं!

थाट ठरलेला. दारात फ्लेक्स, त्यावर अख्ख्या बॅचचे चेहरे, पन्नाशीच्या माणसांना फेटे, निवृत्त गुरुजींना शाल-श्रीफळ. मग भाषणं. निरगुडीची फोक ज्याची त्याने तोडून आणायची. बारीक आणली तर दुसरी आणायला पिटाळायचं. हात मागे घेतला की मोजणी पुन्हा एकपासून. पोटऱ्यांवर वळ उठले तरी घरी बोलायची सोय नाही, कारण घरी दुसरा हप्ता तयार. सभागृह खदाखदा हसतं. गुरुजीही हसतात, जरा अवघडूनच. शेवटी ते वाक्य पडतं: ‘मार खाल्ला म्हणून आम्ही घडलो.’ टाळ्या.

या वाक्याचा एकदा हिशोब मांडायला हवा. माराने माणूस घडत असेल, तर वर्गात सर्वांत जास्त मार खाणारा सर्वांत जास्त घडायला हवा होता. शेवटच्या बाकावरचा, ज्याला रोज न चुकता प्रसाद मिळायचा, तो आज व्यासपीठावर का नाही? या न्यायाने तो किमान जिल्हाधिकारी व्हायला हवा. तो बहुधा सातवीतच शाळा सोडून गेला आणि आता कुणाच्या तरी मेळाव्याच्या मंडपाचे पाइप टेम्पोत चढवतो. त्याच्या हाती कुणी माइक देत नाही. दिला असता तर ‘मार खाल्ला म्हणून शाळा सोडली’ हे वाक्यही गावाच्या कानावर गेलं असतं. मेळाव्याला येतात ते माराला पुरून उरलेले, आणि तेच मोठ्या हौसेने माराची जाहिरात करतात. शिवाय घडले म्हणजे काय झाले? कुणाची खताची एजन्सी, कुणाचे प्लॉट, कुणाला पंचायत समितीचं तिकीट. हे सगळं श्रेय फोकेचं असेल तर सत्कारही निरगुडीचाच करावा. झुडपालाही फेटा बांधता येतो.

यावर हमखास दाखला येतो सचिन तेंडुलकरचा. त्याचे क्रिकेट प्रशिक्षक आचरेकर सरांनी सामना सोडून प्रेक्षकांत बसलेल्या सचिनच्या थोबाडीत दिली, ही गोष्ट स्वतः सचिननेच सांगितली आहे. पण त्याच सरांनी बक्षीस म्हणून यष्टीवर ठेवलेला रुपया, स्कूटरवर मागे बसवून एका मैदानातून दुसऱ्या मैदानात पोचवणं, हे वक्त्यांना आठवत नाही. थप्पड फुकट असते, स्कूटरला पेट्रोल लागतं.

हे खूळ एकट्या मराठवाड्याचं नाही. जपानात शालेय बेसबॉलची राष्ट्रीय स्पर्धा 1915 पासून चालते. 1924 साली बांधलेल्या कोशिएन मैदानावर खेळायला मिळणं म्हणजे जन्माचं सार्थक. हरलेली पोरं तिथली माती पिशवीत भरून घरी नेतात. तिथेही शिस्तीच्या नावाखाली वरच्या वर्गातल्यांनी खालच्यांना ठोकायची रीत मुरलेली. 2025 च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमाच्या कोर्यो शाळेने पहिला सामना जिंकूनही स्पर्धेतून माघार घेतली. जानेवारीत तिथल्या वसतिगृहात एका पहिल्या वर्षाच्या मुलाला मोठ्यांनी मारलं होतं. त्याचा गुन्हा? मनाई असताना कप नूडल्स खाल्ले.

‘घडलो’वाल्यांनी मासुमी कुवाताचं नाव ऐकून ठेवावं. पीएल गाकुएन शाळेचा हा पिचर, 1983 आणि 1985 चा कोशिएन विजेता, पुढे मोठा व्यावसायिक खेळाडू. लहानपणी त्यानेही भरपूर मार खाल्ला. व्यासपीठावर बसायचा हक्क असेल तर याचा. पण निवृत्तीनंतर त्याने वासेदा विद्यापीठात या विषयाचा अभ्यास केला आणि मारण्याच्या विरोधात जाहीरपणे उभा राहिला. त्याच्या शाळेचा तो नामांकित संघ तर मारहाणीच्या प्रकरणांनंतर 2016 मध्ये बंदच पडला. आणि 2023 मध्ये कोशिएनची स्पर्धा जिंकली केइओ शाळेने, तब्बल 107 वर्षांनी. बाकी बहुतेक संघांची डोकी भादरलेली, यांच्या डोक्यावर मात्र झुलपं. प्रशिक्षक कोण, तर एक प्राथमिक शिक्षक.

पैठणकरांना खरं तर जपानपर्यंत जायची गरज नाही. गावच्या सर्वांत मोठ्या विद्यार्थ्याची आख्यायिका इथल्या पोराटोरांनाही पाठ असते. देवगिरीवर गुरू जनार्दनस्वामींकडे असताना संत एकनाथांना हिशोबात एका पैची चूक सापडेना. रात्रभर जागून पहाटे ती सापडली तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. शेजारी कुणी फोक घेऊन उभं असतं, तर त्यांनी पदरची पै घालून हिशोब मिटवला असता आणि झोपायला गेले असते. नाथषष्ठीला लाखोंची गर्दी जमते, फ्लेक्सही लाखभर लागतात, पण ही टाळी काही कुणाच्या भाषणात ऐकू येत नाही.

सरांच्या बाजूने बोलायचं तर वर्गात साठ पोरं असतात, पालकच ‘ठोका’ म्हणून सांगतात, वगैरे आहेच. असो.

शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शाळेतली शारीरिक शिक्षा 2010 पासूनच बंद केली. वक्त्यांना हे माहीत नाही असं समजू नये. कलम त्यांना तोंडपाठ असतं. नातवाला शाळेत कुणी चापट मारली की हेच आजोबा फोनवर फोटो काढून थेट पोलीस ठाणं गाठतात. ‘घडू द्या की पोराला’ असं तिथे म्हणणारा एकही माजी विद्यार्थी अजून आढळलेला नाही.